सुया टाकून पळायचं

बाईंच्या विणकामाच्या वर्गात पहिला धडा असायचा विणकाम टाकून पळण्याचा.

नवं मूल आलं की बाई त्याच्या हातात दोन सुया द्यायच्या, दहा टाके स्वतः घालून द्यायच्या आणि गुपचूप मागे सरकायच्या. मूल जरा रमलं, जीभ दातांत धरून पहिला टाका उचलू लागलं की स्टीलच्या ताटावर पळी हाणायच्या. जुनी मुलं हातातलं जिथल्या तिथं सोडून बाहेर पळायची. नवं मूल गुंडा छातीशी धरून गोंधळून उभं राहायचं. मग बाई जवळ येऊन त्याच्या हातातल्या सुया काढून जमिनीवर टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता पळ." असं दिवसातून तीनदा. मूल खाली न बघता सुया टाकायला लागलं की मग सुलट टाका शिकवायला घ्यायच्या.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं शाळेतल्या आगीच्या घंटेची गोष्ट सांगत होतात. थोरला म्हणाला, बाहेर बर्फ होतं, म्हणून मी जिन्यावरून परत फिरलो आणि जाकीट घेऊन आलो, आणि घंटा तर खोटीच निघाली. तुम्ही हसलात, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला बाई आठवल्या. तुमच्या आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आई, तू उगाच काळजी करतेस. मी काळजी करणारी बाई आहे, हे खरं. पण ही काळजी उगाच नाही, म्हणून आज बाईंबद्दल लिहायला बसले आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, मीही तेच म्हणते.

या भागात मोठा भूकंप झाला तेव्हा तुमची आई शाळेत होती आणि आम्ही पुण्यात राहत होतो. निवृत्तीनंतर तुमच्या आजोबांनी लोहाऱ्यात घर बांधलं आणि आम्ही इकडे आलो. बाईंचं गाव लोहाऱ्याहून वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपने वीस मिनिटांवर. भूकंपात जुनं गाव पडलं, मग माळावर हे नवं वसवलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. बाईंचं घर ओळखायची खूण एकच, त्याला दारं नव्हती. दोन्ही फळ्या त्यांनी बिजागऱ्यांतून काढून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर आडव्या टाकल्या होत्या. मुलं त्यांच्यावर बसून विणायची.

कुत्रं शिरत नाही का, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"शिरतंय की. मांजर बी शिरतंय. मानूस अडकाया नको."

घरात कमरेच्या वर काही ठेवलेलं नव्हतं. फळी नाही, मांडणी नाही. डबे जमिनीवर रांगेत, देवसुद्धा पाटावर. बाई एकट्याच राहायच्या, बारा महिने अंगणात खाटेवर झोपायच्या, आणि पाऊस आला की खाट ओढून पत्र्याच्या पागोळीखाली घ्यायच्या. पागोळीखाली अंथरूण भिजतंच. त्याबद्दल कोणी काही बोललं तर म्हणायच्या, भिजलेलं वाळतंय.

आमच्याकडे वर्षातले नऊ महिने अंगाची लाही होते, हे तुम्हाला मे महिन्यातल्या दोन सुट्ट्यांनी शिकवलं आहेच. अशा मुलखात एक बाई लहान मुलांना लोकरीचं विणकाम शिकवते, यावर गावाची करमणूक ठरलेली होती. शेजारचे एक आबा रोज म्हशी सोडताना कुंपणावरून विचारायचे, बाई, यंदा हिवाळा लई हाय म्हन्त्यात, आमच्या म्हशीला मफलर मिळंल का? बाई सुईवरची नजर न काढता सांगायच्या, गळ्याचं माप घेऊन पाठवा.

लोकर कुठून आली, हे मात्र गमतीचं नव्हतं. भूकंपानंतर देशभरातून कपड्यांचे ट्रक आले. देणाऱ्यांनी मनापासून दिलं, पण कुठं काय लागतं ते त्यांना कुठून कळणार? त्यात थंड मुलखातले जाडजूड स्वेटर आले, गठ्ठेच्या गठ्ठे. साड्या, धोतरं, चादरी लोकांनी नेल्या. स्वेटर मैदानात पडून राहिले, शेळ्या त्यांच्यावर बसायच्या. बाईंनी ते सगळे गोळा केले. त्यांना विणकाम आधीपासून येत होतं, लग्नाआधी सोलापुरात मावशीकडे शिकल्या होत्या. एकेक स्वेटर उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, लडी लिंबाच्या फांदीला अडकवायच्या आणि खाली दगड बांधून वाळू द्यायच्या, म्हणजे सरळ होते. धागा घेण्याआधी त्याचं टोक काडीने जाळून बघायच्या. केस जळल्याचा वास आला तर लोकर, मणी झाला तर नायलॉन. तीस वर्षं वापरूनही ती लोकर संपली नव्हती. शेडमध्ये ती पोत्यांत असायची, थरांमध्ये लिंबाचा पाला घालून. काही स्वेटरांच्या कॉलरला आत मुलांची नावं शिवलेली होती. ती बाईंनी कापून एका डब्यात ठेवली होती. कोण कुठली लेकरं, पण नाव फेकवत नाही, असं म्हणायच्या.

मी निवृत्त शिक्षिका, दर रविवारी मदतीला तिथं जायला लागले ती नीटनेटकेपणा घेऊन. माझं शिक्षण हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधलं. तिथल्या सिस्टरांनी आम्हाला इंग्रजी पुस्तकातले नमुने बघून विणायला शिकवलं होतं. मी बाईंना ते पुस्तक दाखवलं. त्यांनी चित्रं बघितली, एका मफलरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या की ह्या बाईला ऊन ठाऊक न्हाय. पुस्तक मी परत पिशवीत घातलं. पण हजेरीचं रजिस्टर केलंच. वीस मुलं, वीस नावं, रविवारचे रकाने. बाईंनी त्याला हात लावला नाही. त्या मुलं मोजायच्या.

मोजणं हा त्यांचा ध्यास होता. दर ओळीच्या शेवटी मुलांनी टाके मोजायचे, आणि ताट वाजलं की लिंबाखाली बाईंनी मुलं मोजायची. "वीस घातले तर वीसच निघाले पायजेत," हे टाक्यांनाही म्हणायच्या आणि मुलांनाही. आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब. तो शेडपासून तीस पावलांवर मोकळ्यात होता. ताट वाजल्यापासून शेवटचं मूल तिथं पोचेपर्यंत बाई मनात आकडे म्हणायच्या. बारा झाले तर खूश. पंधरा झाले तर पुन्हा ताट.

शिकवायच्या मात्र फार हळू आणि फार चांगलं. सुलट टाक्याचे चार शब्द होते: शीर, धागा घे, नीघ, सोड. मुलं ते एका सुरात म्हणायची. पहिला महिना एवढंच. आधी दहा टाक्यांचा चौकोन, आईला गरम पातेलं धरायला. मग कान झाकायची पट्टी. ते जमलं की सरळ विणून मागं शिवायची टोपी. सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या तारा, टोकं घासून गोल केलेल्या. त्या फाट्यावरच्या सायकल दुकानातून यायच्या. दुकानदाराची मुलगी आफरीन वर्गात होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, बोलणं कमी. सांगितलेलं काम तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. तिच्या आईला दिवस गेले होते, बाळ हिवाळ्यात यायचं होतं, आणि आफरीन त्याच्यासाठी निळी टोपी विणत होती.

आता माझी चूक सांगते.

सुया टाकून पळालं की टाके गळतात. मुलं परत येऊन बसायची तेव्हा निम्म्या सुया मोकळ्या पडलेल्या असायच्या. काहींचे टाके खाली चार-चार ओळी उसवलेले. बाई ते उचलायला शिकवायच्या नाहीत. ऱ्हाऊ दे, फुडं चल, म्हणायच्या. त्यामुळे त्या वर्गातला एकही चौकोन धड नव्हता, प्रत्येकाला खिडक्या. मला ते बघवत नव्हतं. त्यातच मी शाळेच्या हेडमास्तरांशी बोलून ठरवलं की प्रजासत्ताक दिनाला मुलांचं विणकाम शाळेत मांडायचं, आणि ज्याच्या कामात एकही भोक नसेल त्याला मी कंपासपेटी देईन. हे मी वर्गात जाहीर केलं. बाई पोती उचलत राहिल्या.

मग मला युक्ती सुचली. आफरीनच्या वडिलांकडून सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणली, तिचे छोटे तुकडे कापले आणि मुलांना दाखवलं की सुईच्या टोकावर हा तुकडा बसवला की सुई टाकली तरी टाका गळत नाही. दोन सेकंदांचं काम. हातातलं काम असं अर्धवट सोडू नये, आधी नीट बंद करावं, मग उठावं, हेही सांगितलं. मी वर्गात तीस वर्षं हेच सांगत आले होते. बाईंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

दोन रविवार गेले. चौकोनांतली भोकं कमी झाली. तिसऱ्या रविवारी ताट वाजलं, मुलं लिंबाखाली जमली आणि बाई माझ्याकडे वळल्या.

"बावीस झाले, मॅडम. पोरं जड झाल्यात."

मी म्हटलं, थंडीमुळे असेल. तुमची आजी खोटं बोलत नाही असं तुम्हाला वाटतं. हे एक लिहून ठेवा. बाईंनी पुन्हा ताट वाजवलं, पुन्हा बावीस. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मुलांचे पाय तपासले, चपला तपासल्या, वाटेत काही आडवं आलंय का ते बघितलं. मुलांच्या हातांकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही, आणि मी बोलले नाही. घरी येताना जीपमध्ये मला वाटत होतं की पुढच्या रविवारी सांगू. प्रदर्शन झाल्यावर सांगू.

पुढच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास जमिनीखालून आवाज आला.

आमच्या भागात अजून असे आवाज येतात. दूर कुठंतरी खडीचा ट्रक रिकामा होतोय, तसा. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात, त्यापलीकडे काही होत नाही. पण आवाज सुरू असताना ते कोणालाच माहीत नसतं. पत्रे थरथरले. बाईंनी ताटाला हात लावायच्या आत ते आपणहून विटेवरून खाली पडलं आणि वाजलं. मुलं पळाली. मीही पळाले. लिंबाखाली पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात रजिस्टर आहे.

बाईंनी मोजलं. एकोणीस. परत मोजलं. एकोणीस.

मी काय केलं असेल? मी रजिस्टर उघडलं आणि कोण नाही ते नावावरून शोधायला लागले. माझं बोट तिसऱ्या नावावर होतं, तोवर बाई शेडमध्ये शिरल्या होत्या. एरवी ती शेड तीन बाजूंनी मोकळी असलेली, चार खांबांवरची, हलकी. त्या क्षणी ती मला डोंगराएवढी दिसत होती. पुन्हा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. एका मुलाने माझा पदर धरला. मी आकडे म्हणत होते, मोठ्याने, कशासाठी ते मला माहीत नाही. सोळाला बाई बाहेर आल्या. आफरीनला त्यांनी काखेत पोतं धरावं तसं धरलं होतं, तिचे पाय हवेत. तिच्या हातात सुई होती, सुईवर निळी टोपी, आणि टोकावर रबराचा तुकडा अर्धवट तिरका.

"बाई, रबर बसंना," आफरीन रडत म्हणाली. "मॅडमनी सांगितल्यालं, बसवूनच उठायचं."

काही पडलं नव्हतं. एक रिकामा पत्र्याचा डबा तेवढा कलंडला होता. बाईंनी मुलांना घरी पाठवलं नाही, एकेकाला हात धरून त्याच्या त्याच्या घरी पोचवून आल्या. वीस घरं. मी खाटेवर बसून होते. बाई आल्या, समोर जमिनीवर बसल्या आणि रबराचा तो तुकडा माझ्यासमोर ठेवला.

"ही कुनाची अक्कल?"

"माझी," मी म्हटलं.

शेजारचे आबा कुंपणाशी येऊन उभे राहिले, म्हशीबद्दल काही न विचारता परत गेले. मग बाई बोलल्या, लोकरीच्या गुंड्याकडे बघत.

"पयल्या धक्क्याला आमचं घर पडलं न्हाय, मॅडम. आमी समदे भायेर आलो. भुरभुर पाऊस चालू व्हता. लेक आठ वर्साची. म्हनली, आई, थंडी वाजतीया. म्या म्हनलं, आत वाकळ हाय, जा पळत घेऊन ये."

मातीचं जड माळवद असलेलं घर होतं ते. दुसरा धक्का आला तेव्हा मुलगी आत होती. हे बाईंनी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं:

"शानी पोरगी. सांगितलं ते आयकायची."

बाईंची मुलगी भूकंपात गेली, हे मला गावकऱ्यांकडून ठाऊक होतं. वाकळेचं कोणालाच ठाऊक नव्हतं. गोधडीसाठी आत पाठवलेलं लेकरू, आणि त्यानंतर महिन्याभरात मैदानात स्वेटरांचे ढीग, कोणी हात न लावलेले. ते उसवायला त्या का बसल्या, हे मी पुढेही कधी विचारलं नाही.

मी उठले आणि म्हटलं की यापुढे मी येत नाही. मला खरंच तसं वाटत होतं. चूक करणाऱ्याने बाजूला व्हावं, एवढी शिस्त मला होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "यायचं बंद करून काय व्हनार? आता तुमाला भ्या कळलंय. हितून फुडं मोजायचं तुमी. म्या तरी किती दिस मोजू?"

तो आठवडा मी कसा काढला ते सांगत नाही. आफरीनचे वडील मुलीला पाठवणार नाहीत, इतर पालकही पाठवणार नाहीत, वर्ग बंद पडेल, आणि तो मी बंद पाडलेला असेल, असं रोज पहाटेपासून वाटायचं. तुमच्या आजोबांनी दोनदा म्हटलं, जाऊन भेटून ये त्यांना. माझी हिंमत झाली नाही. रविवारी जीपमधून उतरले तर फाट्यावर दुकानाशी ते आफरीनला घेऊन उभेच होते. त्यांच्या हातात नव्या तारांचा जुडगा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनीच हात पुढे केला.

"ते रबर द्या परत, मॅडम. पंक्चरलाच बरं हाय ते."

मी पिशवीतून सगळे तुकडे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. ते आफरीनकडे बघून म्हणाले की अम्मीने सांगितलंय, टोपीला भोक पडलं तर पडू दे, तू पळायचं. आफरीनने मान हलवली. मग तिने माझा हात धरला आणि आम्ही चालत वर्गात गेलो. त्या दिवशी ताट मी वाजवलं. वीस मुलं लिंबाखाली आली. तेरा झाले होते. मी तीन वेळा मोजली.

आफरीनला भाऊ झाला. त्याच्या टोपीला डाव्या कानावर बोटभर भोक होतं, त्यातून जावळ बाहेर यायचं. प्रदर्शनात ती टोपी मांडता आली नाही, कारण ती वापरात होती. कंपासपेटीचं बक्षीस मी रद्द केलं आणि वीस पेन्सिली आणल्या.

बाई गेल्या वैशाखात गेल्या, सकाळी, अंगणातल्या खाटेवर, वर मोकळं आभाळ असताना. वर्ग अजून भरतो. आफरीन आता बारा वर्षांची आहे, नव्या मुलांना दहा टाके ती घालून देते. ताट मी वाजवते. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे लिंबाखाली शेवटी मी पोचते, आणि मुलं मलाही मोजतात. एकवीस.

तुमच्या दोघांसाठी मफलर पाठवले आहेत, पुढच्या आठवड्यात पोचतील. थोरल्याच्या मफलरला मधोमध भोक आहे. तो विणत असताना दुपारी पुन्हा आवाज आला आणि मी सुया टाकून उठले. पाच टाके गळले. ते उचलता येतात, मला येतात, आणि तुम्ही मला ओळखता, माझा हात तिकडे चारदा गेला. पण मी फक्त एक दोरा घालून भोक वाढू नये एवढं केलं, आणि पुढे विणलं.

थोरल्या, तो शाळेत घालून जा. वर्गाबाहेरच्या खुंटीला अडकव. घंटा वाजली, खरी असो नाहीतर खोटी, तर तो तिथंच राहू दे आणि तसाच बर्फात जाऊन उभा राहा. थंडी वाजेल, वाजू दे. लोकर अजून अडीच पोती शिल्लक आहे.